आधी सेटल हो, मग लिही?

आपल्यासारख्या इंजिनिअरिंग कॉलेजात दोन प्रकारचे 'होणारे लेखक' सापडतात. पहिला प्रकार म्हणतो, "एकदा डिग्री होऊ दे, प्लेसमेंट होऊ दे, घरबीर झालं की निवांत बसून कादंबरी लिहीन." दुसरा प्रकार म्हणतो, "हे इंजिनिअरिंग माझ्यातल्या लेखकाला मारून टाकतंय. मी हे सगळं सोडणार आणि फक्त लिहिणार." पहिल्या प्रकारातले बहुतेक जण कधीच लिहीत नाहीत. दुसऱ्या प्रकारातले बहुतेक जण कॉलेज सोडतही नाहीत आणि लिहीतही नाहीत, नुसती चिडचिड करतात. केटी लागली की "साहित्यामुळे लागली" असं सांगायला मात्र मोकळे!

हसण्यावारी नेऊ नका. माझ्याच मजल्यावर एक मैत्रीण आहे, नाव लिहीत नाही. कथा खरंच छान लिहिते. तिचं शिक्षण एज्युकेशन लोनवर चाललंय, वडिलांनी त्यासाठी सही केली आहे. ती गेले दोन महिने म्हणते आहे की थर्ड इयरनंतर सोडून देते, कारण नोकरी लागली की लिहिणं संपलं. शेजारच्याच खोलीतली दुसरी एक जण अकरावीपर्यंत वहीच्या वह्या भरायची. सीईटीच्या वर्षी तिने ते 'तात्पुरतं' बंद केलं. त्या तात्पुरत्याला आता चौथं वर्ष लागलंय. पुढच्या वर्षी माझीही प्लेसमेंट आहे आणि मलाही कथाच लिहायच्या आहेत, म्हणून हा प्रश्न माझ्यापुरता तरी फार खरा आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. दोघींचं गृहीतक एकच आहे आणि ते चुकीचं आहे. दोघींना वाटतं की नोकरी आणि लेखन या एकमेकींच्या सवती आहेत. मराठीपुरतं तरी तसं दिसत नाही. मराठी कथा-कादंबरी मोठ्या प्रमाणात पगारी माणसांनीच लिहिली. पण त्यांनी ती नोकरी करता करता लिहिली, 'नंतर' नाही. म्हणून माझा सल्ला एका ओळीचा आहे: डिग्री सोडू नका, 'नंतर' सोडा.

कोण कुठे नोकरीला होतं?

'गारंबीचा बापू' (१९५२) लिहिणारे श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करायचे. होय, तीच लाल बसवाली बेस्ट! दिवसा मुंबईच्या बसेस आणि डोक्यात कोकण. हॉस्टेलच्या निम्म्या मुलांच्या स्टेटसवर ज्यांची वाक्यं असतात ते व. पु. काळे आर्किटेक्ट होते आणि मुंबई महापालिकेत नोकरीला होते. गूढकथा म्हटलं की आठवणारे रत्नाकर मतकरी बरीच वर्षं बँकेत होते. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. वि. स. खांडेकरांनी शिरोड्याच्या शाळेत वर्षानुवर्षं मास्तरकी केली. 'आयदान' लिहिणाऱ्या आणि त्याआधी कथालेखिका म्हणून नाव मिळवलेल्या उर्मिला पवार सार्वजनिक बांधकाम खात्यात होत्या. सिव्हिलवाल्यांनो, तुमचंच पीडब्ल्यूडी! आणि विज्ञानकथा लिहिणारे सुबोध जावडेकर तर केमिकल इंजिनिअर.

सगळ्यात भारी गोष्ट जयंत नारळीकरांची. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथेची स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते आणि जगभर प्रसिद्ध होते. नावामुळे बक्षीस मिळालं असं होऊ नये म्हणून त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. कथेचं नाव 'कृष्णविवर'. तिला पहिलं बक्षीस मिळालं. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. तोपर्यंत खगोलशास्त्रही झालं होतं, कथा-कादंबऱ्याही झाल्या होत्या आणि २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही झालं होतं. त्यांनी काय सोडलं होतं? काहीच नाही. आपल्याला मात्र सिग्नल्स अँड सिस्टिम्सचं सबमिशन असलं की कथा सुचत नाही!

इंग्रजीकडे बघणाऱ्यांसाठीही हेच. 'फाइव्ह पॉइंट समवन' २००४ मध्ये आलं तेव्हा चेतन भगत हाँगकाँगला बँकेत होते. पुस्तकं गाजल्यावरही नोकरी त्यांनी काही वर्षांनीच सोडली.

आता थोडं गणित

आपण इंजिनिअर आहोत, तर आकडे मांडूनच बघू. मराठी कथासंग्रहाची किंवा कादंबरीची पहिली आवृत्ती साधारण हजार प्रतींच्या आसपास असते. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये आणि रॉयल्टी दहा टक्के. म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. सगळ्या हजार प्रती खपल्या तर ३०,००० रुपये. त्या खपायला तीन वर्षं लागली तर वर्षाला १०,०००. आपल्या मेसचं बिल त्यात किती महिने भागेल ते तुम्हीच काढा.

हे निराश करायला लिहिलेलं नाही. उलट हे कळलं की डोकं शांत होतं. पुस्तकाने पोट भरायचं नाहीये, त्यामुळे पुस्तकाला घाई नाही. बाजाराला काय चालतं ते बघत बसायला नको. पगार म्हणजे लेखकाची गुलामी असं आपण समजतो. मला तर तो लेखकाचा स्वतःच स्वतःला दिलेला अनुदानाचा चेक वाटतो.

यावर कोणी म्हणेल, "पण खरे लेखक उपाशी राहूनच तयार होतात ना?" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. अण्णा भाऊ साठ्यांचं उदाहरण घ्या. शाळा म्हणावी अशी मिळाली नाही. मुंबईत मिळेल ती कामं केली, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून लिहिलं. 'फकिरा' १९५९ मध्ये आली, तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्यांच्या कथांवर सिनेमे निघाले. तरीही १९६९ मध्ये, पन्नाशी गाठायच्या आत, हा माणूस हलाखीतच गेला. गरिबीने अण्णा भाऊंना लेखक केलं असं म्हणणं म्हणजे गरिबीला फुकटचं श्रेय देणं आहे. ते तिच्या नाकावर टिच्चून लेखक झाले आणि तिने त्यांना लवकर नेलं. ज्यांना पगाराचा पर्याय मिळाला नाही त्यांची गोष्ट सांगून, ज्यांच्या हातात तो आहे त्यांनी तो फेकून द्यावा, हा कुठला न्याय?

मग लिहायचं कधी?

सोपं आहे, आज. रोज दोनशे शब्द लिहायचे. फुलस्केपची साधारण एक बाजू. आपण एका रात्रीत अख्खं जर्नल उतरवून काढणारी माणसं, आपल्याला एक पान जड नाही. आठवड्यातले पाचच दिवस धरा, शनिवार-रविवार सोडा. आठवड्याला हजार शब्द झाले. परीक्षा, सबमिशन, गणपती-दिवाळी वजा करून वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर चाळीस हजार शब्द होतात. ही एक छोटी कादंबरी झाली! थर्ड इयरला सुरुवात केली तर डिग्रीच्या आधी कच्चा खर्डा हातात असेल. तो वाईट असेल, चालेल. वाईट खर्डा दुरुस्त करता येतो, कोरा कागद दुरुस्त करता येत नाही.

वेळ ठरलेली हवी, मूड नको. मी रात्री जेवण झाल्यावर, मोबाईल बेडवर टाकून, स्टडी रूमच्या कोपऱ्यात बसते. काही जण वाशी ते ठाणे ट्रान्स-हार्बरच्या गाडीत लिहितात. मूडवर चालणारा माणूस प्रॅक्टिकलला पास होत नाही, कथेत तरी कसा होईल?

लिहायचं काय?

कथा म्हणजे काय, याच्या खूप व्याख्या आहेत. मला उपयोगी पडणारी एकच: कोणाला तरी काहीतरी हवं आहे आणि ते सहज मिळत नाही. व्होल्टेज आहे आणि रेझिस्टन्स आहे. नुसतं व्होल्टेज असेल तर ते भाषण होतं, नुसता रेझिस्टन्स असेल तर रडगाणं. कथा लिहायला बसण्याआधी एका ओळीत लिहून बघा: कोण, काय हवंय, काय आडवं येतंय. ती ओळ जमत नसेल तर तुमच्याकडे अजून वातावरण आहे, कथा नाही. पाऊस पडतोय, ती खिडकीत उभी आहे, तिला काहीतरी आठवतंय... अशा कथा आपल्या अंकाच्या पेटीत दरवर्षी ढिगाने येतात. पावसाबद्दल तक्रार नाही, पण खिडकीतल्या त्या बाईला काय हवंय ते तरी कळू द्या!

दुसरं, ज्या कामाची आतली माहिती आहे त्यावर लिहा. २०२४ चा साहित्य अकादमीचा मराठी युवा पुरस्कार तुळजापूरच्या देविदास सौदागर यांना 'उसवण' या कादंबरीसाठी मिळाला. सौदागर स्वतः शिवणकाम करणारे, आणि कादंबरी रेडिमेडच्या जमान्यात अडचणीत आलेल्या शिंप्याची. शिलाई मशीन म्हणजे काय हे ज्याला हाताने माहीत आहे, त्याच्या वाक्याला वेगळं वजन येतं. आपल्याला काय माहीत आहे? लेथवर जॉब बिघडला की पोटात येणारा गोळा आपल्याला माहीत आहे. व्हायवाच्या बाहेरची रांग माहीत आहे. पहिल्या राउंडला बाहेर पडलेला मुलगा मेसमध्ये कसा जेवतो ते माहीत आहे. मराठी कथेत शेतकरी आहे, मास्तर आहे, कारकून आहे. आपल्यासारखा रात्री दोन वाजता सर्किटला शिव्या घालणारा पोरगा त्या मानाने कमी आहे. ही जागा रिकामी आहे, घ्या की!

आणि हॉस्टेलवर काय लिहायचं असं म्हणू नका. 'कोसला' आठवा. १९६३ मध्ये आलेली ती कादंबरी, तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला मुलगा, त्याचं हॉस्टेल, मेस, गॅदरिंग, घरचे पैसे. साठ वर्षं झाली, अजून वाचतात.

आपल्या नवी मुंबईचं बघा. लोकांना वाटतं इथे सगळं नवीन, सेक्टर आणि प्लॉट नंबर, गोष्ट कुठून येणार? पण १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. आपल्यापैकी कितीतरी जण गावठाणातल्या इमारतीत पीजी म्हणून राहतात. भाडं घ्यायला येणाऱ्या काकांच्या वडिलांची भातशेती कुठे होती, कधी विचारलंय? आणि अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. त्या धावपट्टीच्या जागी गावं होती, तिथली घरं हलवली गेली. तुर्भ्याच्या मार्केटमध्ये पहाटे तीन वाजता ट्रक रिकामे करणारे माथाडी, दिवाळ्याची मासळी, टीटीसीच्या बंद पडलेल्या कंपनीचा वॉचमन... एका रिक्षाच्या अंतरावर एवढं सगळं आहे आणि आपण कथेत स्वित्झर्लंडचा बर्फ पाडतो.

मात्र माहिती कोंबू नका. मी वर जे साल आणि आकडे दिले ते लेखात ठीक आहेत. कथेत ते काकांच्या तोंडून, भाडं मोजता मोजता, अर्ध्या वाक्यात आले पाहिजेत.

कुठल्या मराठीत?

हा प्रश्न माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांचा. शाळेत मराठी बोललं की दंड, घरी सोलापुरी, इथे हॉस्टेलची खिचडी. मराठी वाचताना जोडाक्षरावर अजूनही अडखळते. मग मी मराठीत लिहावं का? माझं उत्तर किरण नगरकरांनी देऊन ठेवलंय. मराठी माध्यमात त्यांचं शिक्षण जेमतेम चार वर्षांचं, बाकी सगळं इंग्रजीत. तरी त्यांची पहिली कादंबरी मराठीत आली, 'सात सक्कं त्रेचाळीस', १९७४ मध्ये. पुढे ते इंग्रजीत लिहायला लागले आणि तिथेही साहित्य अकादमी मिळवली. तेही जाहिरात क्षेत्रात काम करून, बरं का!

तेव्हा भाषा शुद्ध नाही म्हणून थांबू नका. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्याकडून तपासून घेता येतं. संवाद मात्र कोणी तपासून देत नाही. आपल्या एका विंगमध्ये वऱ्हाडी, आगरी, कोल्हापुरी आणि खानदेशी बोलणारी माणसं आहेत. कान उघडे ठेवा. कथेतली नागपूरची मुलगी "अगं, मला फार वाईट वाटले" असं पुस्तकी बोलली की वाचक तिथेच पान उलटतो.

आणि कृपा करून कथा चॅटबॉटकडून लिहून घेऊ नका. असाइनमेंटचं मी बोलत नाही, ते तुम्ही आणि तुमचे सर बघून घ्या! पण व्यायाम दुसऱ्याने केला तर दंडही त्याचेच भरतात.

दुरुस्ती

कोड पहिल्या फटक्यात चालतो का? मग कथा कशी चालेल? लिहून झाली की आठ-दहा दिवस ट्रंकेत टाकून द्या. मग मोठ्याने वाचा. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार गावोगाव जाऊन कथाकथन करायचे. समोर बसलेल्या माणसाचं लक्ष कुठे सुटतं ते त्यांना तिथल्या तिथे कळत असणार. आपल्याकडे रूममेट आहे. तिला "कशी वाटली?" असं विचारू नका, ती "मस्त" म्हणेल आणि झोपेल. दोनच प्रश्न विचारा: कंटाळा कुठे आला? आणि कळलं नाही कुठे? उत्तर आलं की वाद घालायचा नाही, खूण करायची. शिवाय प्रत्येक परिच्छेद एकदा झाकून कथा वाचून बघा. तो नसताना काही बिघडत नसेल तर तो काढा, कितीही सुंदर असला तरी.

पाठवायचं कुठे?

आपल्याकडे एक अशी सोय आहे जी फार थोड्या भाषांकडे असेल, ती म्हणजे दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. दर दिवाळीला शेकडो अंक निघतात आणि सगळ्यांना कथा लागतात. पण दिवाळीला कथा पाठवून उपयोग नाही. अंकांचं काम उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात चालतं. म्हणजे मेच्या सुट्टीत कथा तयार हवी. पाठवण्याआधी त्या मासिकाचे निदान दोन अंक वाचा. विनोदी अंकाला शोकांतिका पाठवून "संपादकांना कळत नाही" म्हणू नका. कथा युनिकोडमध्ये टाइप करा, सोबत चार ओळींचं पत्र लिहा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. एकाच वेळी एकाच ठिकाणी पाठवा. उत्तर येईपर्यंत दुसरी कथा लिहायला घ्या. कथा परत आली तर ती परत आली, तुम्ही नाही.

आठ-दहा कथा छापून आल्या की पुस्तकाचा विचार करा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांसाठी वेगळी बक्षिसं आहेत, आणि पहिल्या कादंबरीचं बक्षीस श्री. ना. पेंडसे यांच्या नावाने आहे. म्हणजे नोकरी करून लिहिणाऱ्या माणसाच्या नावाने! साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो, ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांना, ५०,००० रुपयांचा. आपल्याला अजून पंधरा वर्षं आहेत. पण पंधराच, हेही लक्षात घ्या.

आणि कोणी "पंचवीस हजार भरा, पुस्तक काढतो" म्हणाला तर समजा की ती छपाई आहे. छपाई करायची असेल तर खुशाल करा, पण प्रकाशकाने आपली निवड केली असं समजून नाही. पैशांचा प्रवाह प्रकाशकाकडून लेखकाकडे जायला हवा. करार लेखीच हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपण स्वतःसाठी लिहिलेल्या कथेचे पहिले मालक आपणच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीने द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. हक्क लेखकाच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं टिकतात. म्हणून "सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे" अशी ओळ दिसली की सही करण्याआधी चहा प्या, विचार करा, मोठ्या माणसाला दाखवा. सिनेमा, ऑडिओ आणि भाषांतराचे हक्क वेगवेगळे असतात, सगळे एका सहीत देऊन टाकू नका.

जाता जाता, रेक्टर सरांना आणि मॅडमना

हा लेख स्टाफही वाचतो म्हणून एक मागणी. आपल्या हॉस्टेलला टीव्ही रूम आहे, कॅरम आहे, जिम आहे. मराठी पुस्तकांचं एक कपाट नाही. लायब्ररीत जायचं तर साडेसातला बंद. मेसच्या बाहेरच्या भिंतीवर एक फलक द्या, आम्ही त्यावर भित्तिपत्रक चालवू: पंधरा दिवसांनी एक कथा, कोणाचीही, टोपणनावानेही चालेल. नारळीकरांना चाललं तर आपल्यालाही चालेल. महिन्यातून एका शनिवारी जेवणानंतर अर्धा तास मेस द्या, तिथे कथा मोठ्याने वाचू. खर्च काही नाही, फार तर चहाचा. एवढ्याने कोणी मोठा लेखक होईल असं मी म्हणत नाही. पण लिहिण्यासाठी कॉलेज सोडावं लागतं असं वाटणाऱ्या एखाद्या मुलीला कळेल की लिहायला जागा इथेच आहे.

आणि तुम्ही, ज्यांनी इथपर्यंत वाचलंत! उद्यापासून सबमिशन्स आहेत, मला माहीत आहे. म्हणून उद्यापासून नको. आज रात्री दोनशे शब्द. कोणाला काय हवंय आणि ते का मिळत नाही, एवढंच लिहा.